वृद्ध महिलेचे, क्वचित वापरलेले

कमी शब्दांत काम भागवणं ही चांगली सवय आहे, पण ती संसारात आणू नये, हे कात्रीरावांना कोणी वेळेवर सांगितलं नाही.

कात्रीराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते एका वर्तमानपत्रात छोट्या जाहिरातींच्या खिडकीमागे बसत. लोक जाहिरात लिहून आणत आणि कात्रीराव लाल पेन्सिलीने ती छाटून देत. 'अत्यंत प्रेमळ, शांत व घरातल्या सर्वांचे लाडके मांजर हरवले आहे' असं कोणी आणलं, की ते विचारत, "एवढं प्रेमळ होतं तर गेलं कशाला? 'मांजर हरवले' पुरे." माणसाचे पैसे वाचत, पेपरची जागा वाचे. (मांजर सापडत नसे, ते सोडा.) सहकाऱ्यांनी त्यांना कात्रीराव म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनीही ते पदवी मिळाल्यासारखं अंगाला लावून घेतलं.

तर एका संध्याकाळी बायकोने त्यांच्यापुढे एक मखमली डबी उघडून ठेवली. आत सोन्याचे कानातले होते. द्राक्षांचे दोन घड, घडाखाली पान आणि पानाखाली, का कोण जाणे, एक घंटी.

"हे विकायचेत," बायको म्हणाली.

"हे आईने तुला दिलेले ना?"

"वाढदिवसाला. 'फार जपून ठेवलेली वस्तू आहे गं' म्हणाल्या. अहो, घातले की कान खांद्याला टेकायला येतात. परवा घालून नुसती घरात फिरले, तर तुम्ही दोनदा जाऊन दार उघडून आलात."

कात्रीरावांना ते आठवलं. दारात कोणी नव्हतं आणि त्यांनी खालच्या मजल्यावरच्या पोरांना उगाच दम दिला होता.

"मग सोनाराकडे नेऊन मोडू."

"नेले होते. वितळवूनच घेईन म्हणाला. मला नाही बघवत. आईंनी मायेने दिलेत हो. कोणाच्या तरी कानात राहू देत, फक्त माझ्या नकोत. मी त्यातून छोटे टॉप्स घेईन. पण एक सांगते, आईंना यातलं अक्षर कळता कामा नये. स्वेटरचं आठवतंय ना?"

स्वेटरचं कोण विसरणार? आईने विणलेला स्वेटर कात्रीरावांनी एकदा रखवालदाराला देऊन टाकला होता आणि तो नेमका तो घालून आईला सलाम ठोकायला आला. आईचा अबोला जगावेगळा होता. ती बोलणं बंद करत नसे, ऐकणं बंद करी. कानातलं यंत्र काढायची, डबीत ठेवायची आणि डबी उशाखाली. मग नवराबायको तिच्यासमोर कितीही गयावया करोत, आई शांतपणे वांगी चिरत बसे. त्या खेपेला यंत्र डबीतून बाहेर यायला थंडी सरावी लागली. बायकोचा सासूवर जीव होता, आणि त्या थंडीत ती दोनदा स्वयंपाकघरात डोळे पुसताना कात्रीरावांना दिसली होती. पुन्हा तसं व्हायला नको होतं.

"तू निर्धास्त राहा," कात्रीराव म्हणाले. "दागिन्यांतलं मला कळतं. पहिल्या पगारात आईला दागिना आणला होता मी. घातल्या घातल्या तिच्या डोळ्यांत पाणी आलं."

"काय आणलं होतं?"

"ते आता आठवत नाही. पाणी आठवतं."

कर्मचाऱ्यांना सहा शब्दांपर्यंत जाहिरात फुकट होती, पत्ता सोडून. बायकोने लिहून दिलं होतं, 'सोन्याचे द्राक्षघडाचे कानातले, जुन्या घडणीचे, फारसे न वापरलेले, चांगल्या घरी विकणे आहेत.' कात्रीरावांनी पेन्सिल काढली. विक्रीच्या रकान्यात 'विकणे' कशाला? गेलं. 'सोन्याचे' लिहिलं की चोर येतात. गेलं. द्राक्षं वाचून कोणी फळवाला यायचा. गेली. मात्र वस्तू खानदानी आहे हे कळायला हवं, म्हणून त्यांनी दोन शब्द पदरचे घातले. दुसऱ्या दिवशी छापून आलं:

'कानातले. जोडी. वृद्ध महिलेचे. क्वचित वापरलेले.'

आई रोज भिंग लावून छोट्या जाहिराती वाचायची. मुलाचं लेखन रोज छापून येतं, याचं तिला कोण कौतुक. म्हणून त्या सकाळी कात्रीराव ते पान घडी घालून स्वतःच ऑफिसला घेऊन गेले. एवढी खबरदारी घेतल्यावर माणसाने निश्चिंत व्हावं, तसे ते झाले.

गिऱ्हाईक रविवारी दुपारी आलं. वेळ अगदी जमून आली होती. बायको मैत्रिणीकडे गेली होती आणि आई आतल्या खोलीत यंत्र काढून झोपली होती. दारात एक भरदार गृहस्थ उभे होते. आयुष्यभर बँडमध्ये ड्रम वाजवला, असं त्यांनी न विचारता सांगितलं. मोठ्याने सांगितलं.

"या, बसा," कात्रीराव हळूच म्हणाले.

"काय?"

"बसा."

"जरा जोरात बोला. ड्रमने कान खाल्ले माझे."

कात्रीरावांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आईजवळ यंत्र नाही, म्हणजे तोफ डागली तरी हरकत नाही. त्यांनी घसा साफ केला. इथून पुढचं त्यांचं सगळं बोलणं वाचकांनी ओरडून वाचावं.

"जोडीच आहे ना?" ड्रमवाल्याने विचारलं.

"जोडी आहे."

"बरं झालं. माझा डावा पार गेलाय, पण उजवाही त्याच वाटेवर आहे."

कानाची पाळी ओघळली असेल, कात्रीरावांना वाटलं. "म्हणजे तुम्ही स्वतः घालणार?"

"मग काय शेजाऱ्याला घालू?"

कलावंत माणूस आहे, आपण कोण हसणार, असा उदार विचार कात्रीरावांनी केला. "रोज घालणार?"

"सकाळी उठल्यापासून. झोपताना फक्त काढायचं. मला सांगा, आवाज येतो ना स्वच्छ?"

"येतो. मान हलवली की येतो."

"मान हलवावी लागते?"

"हलवल्याशिवाय कसा येणार?"

ड्रमवाला विचारात पडला. "म्हणजे बायको बोलत असताना सारखी मान हलवत राहायची."

"आम्ही तेच करतो," कात्रीराव म्हणाले.

"आणि शिटी? माझ्या भावाचं आहे ना, ते मधूनच शिटी मारतं."

हा प्रश्न कात्रीरावांना जरा आगाऊ वाटला, पण सौदा मोडायचा नव्हता. "आमची आई घरंदाज बाई आहे. तिला कोणी शिटी मारल्याचं ऐकिवात नाही."

"आईंचं आहे होय? मग आता त्यांना नको?"

"तिने सुनेला दिलं."

"अरेरे. सुनेलाही? एवढ्या तरुणपणी?"

"तिला सहन होत नाही. आवडतच नाहीत तिला. पण आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, तेवढं लक्षात ठेवा." हे शेवटचं वाक्य ड्रमवाल्याला दोनदा ऐकू आलं नाही, म्हणून कात्रीरावांनी ते तिसऱ्यांदा तोंडाशी हातांचा कर्णा करून सांगितलं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाईही थांबून ऐकायला लागली.

मग त्यांनी डबी उघडली.

ड्रमवाल्याने द्राक्षांचा घड उचलला, उलटा केला, सुलटा केला. पानाकडून कानात घालून पाहिला. द्राक्षांकडून घालून पाहिला. घंटी वाजली, ती त्याला ऐकू आली नाही.

"साहेब," तो समजूतदारपणे म्हणाला, "हे दिसतं. मला ऐकू येणारं हवं होतं."

कात्रीरावांच्या डोक्यात प्रकाश पडला तो आत्ता. आपले सहा शब्द त्यांनी मनातल्या मनात पुन्हा वाचले. वृद्ध महिलेचे. क्वचित वापरलेले. पेन्सिल वापरल्याचा पश्चात्ताप त्यांना आयुष्यात पहिल्यांदा झाला.

"वृद्ध महिला कोण रे?" मागून आवाज आला.

आई दारात उभी होती. कानात यंत्र, हातात पेपर.

"तू झोपली होतीस ना? यंत्र काढून?"

"झोपलेच होते. तू ओरडत होतास ते यंत्राशिवाय ऐकू आलं. नीट ऐकावं म्हणून मग घातलं." तिने पेपर पुढे केला. "हे शेजारणीने परवाच आणून दिलं. तुमचा पत्ता आलाय म्हणाली."

नेमकी त्याच वेळी बायको घरात शिरली. डबी, सासू आणि पेपर तिने एका नजरेत पाहिलं आणि हातातली पिशवी तशीच खाली ठेवली.

"आई, चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्ही एवढ्या मायेने दिलेत, पण मला ते जड होतात हो."

आई खुर्चीत बसली. तिचा हात कानाकडे गेला. यंत्र निघणार, डबीत जाणार, उशाखाली जाणार, हे कात्रीरावांना लख्ख दिसलं. बायकोचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. त्यांनी सगळी मर्दुमकी एकवटली.

"आई, तिला बोल लावू नकोस. चूक तिची नाही. अगं, हा काय दागिना आहे? द्राक्षं काय, घंटी काय. बैलाने मान फिरवली असती. ज्याने हे निवडले ना, त्याला डोळे नव्हते."

"होते," आई म्हणाली. "तेव्हा चष्मासुद्धा नव्हता लागलेला."

"कोणाला?"

"तुला."

ड्रमवाला उगाचच हसला.

"पहिल्या पगारात आणलेस की. विसरलास?" आई म्हणाली. "तू दिलेलं विकवेना आणि घालवेना. इतकी वर्षं कपाटात जपले. म्हटलं, सुनेला द्यावेत, म्हणजे घरातल्या घरात राहतील." ती सुनेकडे वळली. "मलाही जडच व्हायचे गं. तू तरी बोललीस, मी मेली एवढी वर्षं गप्प बसले. विकून टाक बाई, आणि दोघींना टॉप्स घे."

बायको रडता रडता हसायला लागली आणि सासूजवळ जाऊन बसली. कात्रीराव एकटेच उभे राहिले. त्यांच्याजवळ आता एकच आधार उरला होता, आणि तो त्यांनी धरला.

"पण आई, तेव्हा घातल्या घातल्या तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी पाहिलंय."

"येणार नाही तर काय? पाळी फाटायची राहिली होती."

कात्रीराव खुलासा करायला लागले. दुकानात उजेड कमी होता, दुकानदार गोडबोल्या होता, त्या काळी द्राक्षांची फॅशन होती, घंटी तर त्याने वर फुकट दिली होती. आईने थोडा वेळ ऐकलं, मग यंत्र काढून डबीत ठेवलं. बायकोजवळ काढून ठेवायला काही नव्हतं, म्हणून ती उठून चहा टाकायला गेली.

ड्रमवाला मात्र समोर बसून, एकसारखी मान हलवत, मन लावून ऐकत होता. निदान एका माणसाला तरी आपली बाजू पटते आहे, हे पाहून कात्रीरावांचा ऊर भरून आला. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी एकही शब्द न छाटता सगळं सविस्तर सांगितलं आणि शेवटी विचारलं, "आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?"

ड्रमवाल्याने मान हलवायची थांबवली.

"काय म्हणालात?"