फिल्टरचं कव्हर

घरात हवा गाळायचं यंत्र आलं, ते घड्याळजींच्या फुफ्फुसांसाठी. मागच्या वर्षी फ्लूने त्यांना बारा दिवस दवाखान्यात झोपवलं, तेव्हापासून मुलाने त्यांचं संध्याकाळचं बुद्धिबळ बंद केलं होतं. कारण त्यांचा एकमेव भिडू, निवृत्त पोस्टमन, बारा महिने शिंकत असे. यंत्र आलं आणि बंदी उठली.

मुलाने फिल्टरवरची प्लास्टिकची पिशवी काढली, कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि तो कामावर गेला. घड्याळजींच्या काळजात चर्र झालं. "कव्हर काढलं की वस्तू जुनी होते," हा त्यांच्या दिवंगत बायकोचा कायदा. रिमोट पिशवीत, फोन पिशवीत. सोफा तर वीस वर्षं प्लास्टिकमध्ये होता. उन्हाळ्यात पाहुणा उठला की टर्रकन आवाज होई. पाहुणा ओशाळला की ती समजूत घाली, "सोफा आहे हो तो, तुम्ही नाही."

घड्याळजींनी टोपलीतून पिशवी काढली, पुसली आणि घड्याळाची पाठ बसवणाऱ्या बोटांनी फिल्टरला पुन्हा चढवली. वर रबरबँड. यंत्र सुरू झालं. हिरवा दिवा लागला. चार वर्षांनी बायकोने शाबासकी दिल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी पोस्टमन आला. नाक लाल.

"खिडकी उघडू का रे?"

"कशाला? यंत्र आहे ना! विषाणूसुद्धा गाळतं."

"मग बिनधास्त शिंकू?"

"शिंक!"

पोस्टमनने आयुष्यात दुसऱ्याची वस्तू स्वतःकडे ठेवली नव्हती. सर्दीही त्याने घरपोच दिली. तिसऱ्या दिवशी घड्याळजी, मुलगा आणि सून ओळीने अंथरुणात होते.

मुलाने तणतणत मेकॅनिकला बोलावलं. त्याने यंत्राची पाठ उघडली. "साहेब, फिल्टर तर पॅकबंद आहे! रबरबँडसकट!"

"ही पिशवी मी टाकली होती!" मुलगा म्हणाला. घड्याळजी छताकडे पाहू लागले. "बाबा!"

"तुझी आई असती तर तिने हेच केलं असतं."

मुलगा नुसताच शिंकला.

"आणि काका," मेकॅनिक म्हणाला, "कव्हर काढलं तरी हे धोका कमी करतं, संपवत नाही. समोर बसून कुणी तोंडावर शिंकला, तर यंत्र मध्ये उडी मारणार आहे का? खिडकी उघडी ठेवा, आणि सर्दीवाल्याला त्याच्या घरी ठेवा."

बुद्धिबळ वाचलं. खिडकी उघडी, फिल्टर उघडा, आणि पोस्टमनच्या नाकाची दारातच तपासणी.

सहा महिन्यांनी मेकॅनिक फिल्टर बदलायला आला. जुना बाहेर काढला, तो काळाठिक्कर.

"बघा बाबा, किती काम केलंय!" मुलगा म्हणाला.

घड्याळजींनी चष्मा चढवून फिल्टर निरखला. "बघ. सहा महिन्यांत म्हातारा झाला. तुझी आई सांगत होती."

मुलाने नव्या फिल्टरची पिशवी काढली. टोपलीपर्यंत गेला, थांबला. मग ती नीट दुमडून त्याने रिमोटवर चढवली. रिमोटची जुनी पिशवी फाटली होती.