पाठकोऱ्या कागदावरचा हल्ला

कर्नलसाहेबांनी संरक्षणमंत्र्यांवर जाहीर हल्ला चढवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत आधी प्रश्न आला तो कागदाचा. बाकी दारूगोळा भरपूर होता. सरहद्दीवरच्या जवानांना मंत्रालयानं जे नवे बूट पाठवले होते, त्यांचे तळवे बर्फात पंधरा दिवसांत सुटत होते, आणि मंत्रिमहोदय सभागृहात छातीठोकपणे सांगत होते, "बुटांबद्दल आमच्याकडे एकही तक्रार नाही." हे ऐकून निवृत्त अधिकाऱ्यांच्या क्लबात पाच जणांचं रक्त खवळलं. पाचही जणांची वयं सत्तरीपुढची, त्यामुळे रक्त खवळल्यावर आधी सगळ्यांनी गोळ्या घेतल्या. मग खुलं पत्र लिहायचं, पत्रकार बोलवायचे आणि मंत्र्याला उघडा पाडायचा, असं ठरलं.

पत्र लिहायला एक दिवस लागला आणि सह्या कोणत्या क्रमानं करायच्या हे ठरवायला आठ दिवस. कोण कोणाच्या आधी भरती झालं यावरून दोघांनी बोलणं टाकलं. शेवटी जनरलसाहेबांनी हुकूम सोडला, "मी सगळ्यांत वर. बाकीच्यांनी खाली काय ते भांडा!" प्रती काढायचं काम कर्नलसाहेबांकडे आलं, कारण त्यांची सगळी नोकरी रसदखात्यात गेलेली आणि घरी छपाईचं यंत्र होतं.

आता रसदखात्यातल्या माणसाच्या घरात कोरा कागद वापरणं म्हणजे गुन्हाच. वाणसामानाची यादी विजेच्या बिलाच्या पाठीवर. स्वतःच्या निरोपसमारंभाचं भाषणसुद्धा त्यांनी औषधांच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहिलं होतं आणि भर सभेत दोन मिनिटं रक्तदाबाच्या गोळ्या वाचून दाखवल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ही गोष्ट वेगळी.

"अहो, मंत्र्याला शिव्या द्यायच्यात ना? मग निदान कोऱ्या कागदावर तरी द्या," बायको म्हणाली.

"का? मंत्री काय दोन्ही बाजूंनी वाचणार आहे?"

लेकीच्या टेबलाखाली पाठकोऱ्या कागदांचा छान गठ्ठा होता. मोजून अकरा. पत्रकारही अकराच येणार होते. असा योग पाहून कर्नलसाहेब खूश झाले आणि चष्मा शोधत न बसता त्यांनी गठ्ठा यंत्रात घातला.

लेकीला विचारायचा प्रश्नच नव्हता. ती संरक्षण मंत्रालयात खरेदी विभागात अधिकारी होती आणि बुटांचं प्रकरण निघाल्यापासून बापलेकीचं जेवणापुरतंच बोलणं उरलं होतं. कर्नल तिला 'सरकार' म्हणायचे. "सरकार, जरा मीठ सरकवा. की त्यालाही निविदा काढावी लागेल?" ती मुकाट्यानं मीठ सरकवायची. फार झालं तर म्हणायची, "बाबा, ऑफिसचं ऑफिसात." यावर कर्नल बायकोकडे बघून उसासा टाकायचे, की बघा, आपली पोर आणि मंत्र्याला सामील!

क्लबाच्या दिवाणखान्यात पत्रकार जमले. पत्रं वाटली गेली. जनरलसाहेब घसा साफ करून पहिलंच वाक्य बोलत होते, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या वार्ताहर बाईंनी कागद उलटा केला.

"कर्नलसाहेब, मागची बाजूपण तुमचीच का?"

"मागची? मागं काही नाही."

"आहे की. 'मा. मंत्रिमहोदयांच्या विचारार्थ. हे बूट म्हणजे जवानांची शुद्ध फसवणूक आहे. खरेदी ताबडतोब थांबवावी.' तीन महिन्यांपूर्वीची तारीख आहे."

"माझ्याकडे वेगळंच आहे," मागून दुसरा म्हणाला, "'बुटांचा दर्जा चिंताजनक वाटतो.'"

"आणि माझ्याकडे, 'तळव्यांबाबत सवडीने विचार व्हावा, ही नम्र विनंती.'"

कर्नलसाहेबांनी शेजारच्याचा चष्मा ओढून घेतला. अकरा मसुदे होते. प्रत्येकावर वरिष्ठाचा लाल शाईतला शेरा, 'भाषा सौम्य करा.' आणि प्रत्येकाखाली लेकीची सही. वरिष्ठ परत पाठवत गेला होता आणि पोर पुन्हा लिहीत गेली होती. शब्द दर वेळी मऊ होत गेले, पण बूट काही तिनं सोडले नव्हते.

कर्नलसाहेबांचा ऊर भरून आला आणि पुढच्याच क्षणाला तोंडचं पाणी पळालं. मंत्रालयाचा आतला कागद बाहेर फुटला होता आणि फोडला होता बापानं. पोरीची नोकरी आज संध्याकाळपर्यंत जाणार!

"कागद परत द्या!" ते गरजले. "पत्र रद्द! मी माझे शब्द मागे घेतो. मंत्रिमहोदय अत्यंत... अत्यंत कर्तबगार गृहस्थ आहेत. बूटही चांगले आहेत."

"याला ऊन लागलंय का?" जनरलसाहेबांनी विचारलं. "अरे, पुरावा आयता हातात आलाय, आणि तू माघार घेतोस?"

"सर, नंतर सांगतो. आधी त्या दाढीवाल्याकडचा कागद घ्या!"

पाच म्हातारे खुर्च्यांमधून कागद हिसकावत फिरले. एकाचा गुडघा धरला, एकाची कवळी निसटली. दहा कागद परत आले. अकरावा पर्समध्ये घालून वार्ताहर बाई केव्हाच पसार झाल्या होत्या. तोच, पहिला मसुदा. शुद्ध फसवणूकवाला.

संध्याकाळी लेक घरी आली, तर बाप दारात सावधान उभा. त्यांनी सगळं कबूल केलं. ती मटकन खुर्चीत बसली.

"बाबा, कुठला मसुदा गेला?"

"पहिला."

"अरे देवा!"

"तू अकरा वेळा लिहिलंस आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस? मी तुला काय काय बोललो पोरी!"

"ऑफिसातलं बाहेर सांगायचं नसतं, बाबा. तुम्हीच शिकवलंत ना?"

चाळीस वर्षांत कर्नलसाहेबांचा हुकूम इतक्या कडकपणे कोणी पाळला नव्हता.

सकाळी मसुदा पहिल्या पानावर झळकला. दहा वाजता मंत्र्यांनी लेकीला बोलावलं. कर्नलसाहेबांनी चहा दोनदा सांडला, बायकोनं एकदा. दुपारी दूरचित्रवाणीवर मंत्रिमहोदय उगवले, तेही हसतमुखानं. शेजारी लेक उभी होती.

"बुटांतला दोष आमच्या या दक्ष अधिकारी बाईंनी तीन महिन्यांपूर्वीच हेरला होता," मंत्री म्हणाले. "खरेदी आजपासून बंद. यापुढे बुटांची तपासणी याच करतील. काही निवृत्त मंडळी मात्र अर्धवट माहितीवर उगाच आरडाओरडा करतात, त्यांची आम्हाला कीव येते."

दुसऱ्या दिवशी क्लबात जनरलसाहेब धुमसत होते. कर्नलसाहेब मात्र छाती काढून तीच बातमी वर्तमानपत्रातून मोठ्यानं वाचत होते. शेजारच्या टेबलावरचे लोक पत्ते टाकून ऐकायला लागले.

"अरे, यात आपल्याला अर्धवट म्हटलंय!" जनरल ओरडले.

"म्हटलंय ना, सर."

"कीव येते म्हणालाय तो आपली!"

"हो, सर. तेपण छापलंय."

"म्हणजे भर चौकात हरलो की आपण!"

"हरलोच," कर्नलसाहेब म्हणाले, "पण कोणाकडून ते तर ऐका." आणि लेकीचं नाव आलेली ओळ त्यांनी तिसऱ्यांदा, आणखी आवाज चढवून वाचली.