सिनेटर ब्रेक्के यांचा चौकड्यांचा रुमाल

राज्याच्या सिनेटमध्ये कोण कुठलं बटण दाबणार, हे त्या माणसाच्या बायकोच्याही आधी ऑर्विल ब्रेक्केला कळतं, असं खुद्द ऑर्विल ब्रेक्केचं मत होतं! पाच निवडणुका जिंकलेला गडी. पक्षाची मतं सांभाळायचं काम त्याच्याकडेच. "मी एक डोळा मिचकावला की सभागृह उठतं, दुसरा मिचकावला की बसतं," असं तो नाश्ता करताना बायकोला ऐकवायचा.

"आणि कचरा बाहेर न्यायचा असला की दोन्ही मिटतात," व्हर्ना म्हणायची.

त्या शुक्रवारी अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. डेलिया मार्टेन्स ही नवी सिनेटर आपलं पहिलंवहिलं विधेयक मांडणार होती. बाई पूर्वी शाळेची बस चालवायची. प्रत्येक अँब्युलन्सवर पगारी पॅरामेडिक, म्हणजे वाटेत उपचार करणारा तंत्रज्ञ, हवाच, असा नियम जुलैपासून लागू होणार होता. लहान गावांनी तो पगार आणायचा कुठून? तेव्हा प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकांना काम करू द्या, एवढंच तिचं मागणं. नाहीतर गावोगावच्या गाड्या बंद! त्यात ऑर्विलचं मेपल फोर्कही आलं, आणि तिथली गाडी चालवत होती साक्षात व्हर्ना.

विधेयकाला सगळ्यांचाच पाठिंबा होता. पण नव्या सभासदाचं पहिलं विधेयक असं गुपचूप मंजूर करायचं? छे! इथला रिवाज असा, की आधी त्याला वेडेवाकडे प्रश्न विचारून घाम फोडायचा, मग सगळ्यांनी विरोधाचं लाल बटण दाबायचं, आणि बिचाऱ्याचा चेहरा पडला की अध्यक्षांचा हातोडा वाजायच्या आत हिरवं दाबून टाळ्या पिटायच्या. ऑर्विलच्या वेळी तर तो बाकावर मटकन बसला होता आणि त्याला पाणी पाजावं लागलं होतं.

"मी चौकड्यांचा रुमाल काढला, की बटण बदलायचं," त्यानं सकाळी सगळ्यांना बजावलं. "तोवर कुणी हलायचं नाही. शिस्त म्हणजे शिस्त!"

सुरुवात झकास झाली. रस्टी कोवाल हा विरोधी पक्षातला, पण ऑर्विलचा मासे पकडायचा जोडीदार. तो गंभीर चेहऱ्यानं उठला. "बाई, तुमच्या या अँब्युलन्समध्ये गाय मावेल का?"

"शाळेच्या बसमध्ये मी काय काय नेलंय ते ऐकलंत, तर गायीला दंडवत घालाल," डेलिया म्हणाली.

सभागृह खदखदून हसलं. फक्त अध्यक्ष क्लाइड मॉर्स हसला नाही. बाहेर हिरवळीवर वराहपालक संघाचं फुकट जेवण लागलं होतं, भाजल्या बरगड्यांचा वास खिडकीतून आत येत होता, आणि गेल्या वर्षी टाळ्या संपेपर्यंत बरगड्या संपल्या होत्या!

"मतदान घ्या," तो घाईघाईनं म्हणाला.

भिंतीवरचा फलक लालेलाल झाला. मधोमध एकच हिरवा दिवा, डेलियाचा. तिचा चेहरा उतरला. ऑर्विलनं तो क्षण मनसोक्त चाखला आणि ऐटीत खिशात हात घातला.

रुमाल नव्हता!

दुसरा खिसा पाहिला. तिथे पेपरमिंट. रुमाल सकाळच्या गारठ्यात घातलेल्या ओव्हरकोटात राहिला होता आणि कोट बाहेरच्या खोलीत लटकत होता. ऑर्विलनं नाक चोळलं, टाय हलवला, हातवारे केले. रस्टीनं प्रेमानं अंगठा वर करून 'झकास' अशी खूण केली. बटणावरचं बोट मात्र कुणाचं हललं नाही. "अरे बदला!" ऑर्विल ओरडला, तोवर हातोडा पडला.

"विधेयक नामंजूर! जेवणाची सुट्टी!" क्लाइड निम्मं वाक्य दारातून बोलला.

डेलियानं कागद गोळा केले. "सगळेच विरोधात होतात, तर सकाळी मला एवढ्या आग्रहानं कॉफी कशाला पाजलीत?" ती म्हणाली आणि निघून गेली. ऑर्विलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यात फोन वाजला. व्हर्ना!

"रेडिओवर ऐकलं. माझी गाडी बंद करायला तूसुद्धा लाल बटण दाबलंस?"

"अगं, गंमत होती ती!"

"अस्सं? गेल्या हिवाळ्यात पित्ताशयाचा खडा अडकला तेव्हा बर्फातून तुला त्याच गाडीतून नेलं. तीही गंमतच होती ना? सगळ्या वाटेनं आईच्या नावानं हाका मारत होतास!"

ऑर्विल धावत हिरवळीवर गेला. क्लाइडच्या दोन्ही हातांत बरगड्या होत्या. "फेरविचार करता येतो," तो चावता चावता म्हणाला. "पण आजच. मागणी विरोधात मत दिलेल्यानंच करायची, आणि निम्म्याहून जास्त सभासद आत हवेत."

विरोधात मत दिलेल्यांना तोटा नव्हता. तोटा होता तो सभासदांचा! एकाला ऑर्विलनं बॅगेसकट गाडीतून उतरवलं. एक जण ट्रॅक्टरवर बसून फोटो काढून घेत होता, त्याला पायाला धरून ओढलं. रस्टी ताट सोडेना, म्हणून ताटासकट आणला. डेलिया मागच्या पायऱ्यांवर बसली होती.

"सिनेटर, चुकलं माझं. इथला रिवाजच आहे तसा."

"माझ्या बसमध्ये नव्या पोराला कुणी असं रडवलं, तर मी त्याला खाली उतरवायचे."

"मलाही उतरवा. पण आधी आत चला."

जाता जाता त्यानं कोटातून रुमाल काढून खिशात कोंबला. आता त्याचं काही काम नव्हतं, पण पुन्हा राहायला नको.

फेरविचार मंजूर झाला. मतदान सुरू झालं. ऑर्विलनं स्वतःचं हिरवं बटण दाबलं आणि वर पाहिलं. सगळा फलक हिरवागार! त्यानं समाधानाचा सुस्कारा सोडला, खिशातून रुमाल काढला आणि कपाळावरचा घाम टिपला.

फलक लाल झाला.

शिस्त म्हणजे शिस्त!

"अरे नाही! परत बदला!" ऑर्विल किंचाळला, आणि घाबरून त्यानं स्वतःचंच बटण बदललं. मग मधल्या वाटेवर येऊन तो दोन्ही हात नाचवू लागला. एका हातात रुमाल होताच. रुमाल वर गेला, फलक हिरवा. खाली आला, लाल. वर, हिरवा. क्लाइडनं हातोडा उचलला.

तेवढ्यात डेलियानं येऊन रुमाल हिसकावला. "सगळ्यांनी हिरवं दाबा!" तिचा बसमधला आवाज घुमला. "आणि हात मांडीवर!"

भल्याभल्या सिनेटरांनी मुकाट्यानं हिरवं बटण दाबून हात मांडीवर ठेवले. हातोडा पडला. विधेयक मंजूर! टाळ्या अशा वाजल्या की रस्टीचं ताट पालथं झालं. ऑर्विलही हसत वर पाहू लागला, आणि तसाच थिजला. अख्ख्या फलकावर एकच लाल दिवा होता. त्याचा!

संध्याकाळी तो मेपल फोर्कला पोहोचला, तर वेशीवरच त्याच्या पुढे अँब्युलन्स लागली. आत व्हर्ना, बाहेर भोंगा, दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवणारं गाव. विजयाची मिरवणूकच! गाडी इतकी सावकाश चालली होती की मागच्या दारावर चिकटवलेला कागद वाचण्याखेरीज ऑर्विलला दुसरा उद्योग नव्हता. अक्षर व्हर्नाचं होतं.

"या गाडीतून सगळ्यांना नेलं जाईल. विरोधात मत देणाऱ्या एकट्यालासुद्धा!"

लोक कागद वाचत, मग मागच्या मोटारीत कोण आहे ते वाकून बघत. ऑर्विलला दरदरून घाम फुटला. सवयीनं हात खिशात गेला.

रुमाल डेलियाकडे होता. तो परत मागायचा धीर त्याला अजून झालेला नाही.