पेडणेकरांचा मॉनिटर ठरतोय

इकडे ये, जवळ बस. आणि तो फोन आधी नाकापासून लांब धर बघू. किती वेळा सांगायचं? तू कोण का असेनास, माझ्यापेक्षा लहानच असशील, म्हणून हक्काने बोलते. आमच्या पेडणेकरांनी तुला असं वाचताना पाहिलं असतं ना, तर खिशातून टेप काढून आधी नाक ते फोन अंतर मोजलं असतं. पाणी हवंय का, ते नंतर विचारलं असतं. कदाचित विचारलंही नसतं.

टेप म्हणजे शिंप्याची, पिवळी, गुंडाळी केलेली. शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी असते. लग्नाला जातानाही असते, मयताला जातानाही असते. माणूस मॉनिटरसमोर बसलेला दिसला की ती बाहेर येते. आमच्या बँकेत काउंटरच्या आत हात घालून त्यांनी तिथल्या मुलीचं अंतर मोजलं होतं. वॉचमन धावत आला. पेडणेकर त्याला शांतपणे म्हणाले, "ही बाई फार जवळ बसते. तुमच्या साहेबांना सांगा."

मनोहर पेडणेकर म्हणजे माझ्या समोरच्या दाराचे. चारकोपला आम्ही दोघी-तिघी एकाच वेळी राहायला आलो, तेव्हापासूनचा शेजार. ते मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भाऊ म्हणते आणि मागे पेडणेकर म्हणते. ट्रॉम्बेच्या बाजूला एका सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. जन्मभर रेघा मारल्या. शेवटी शेवटी कागद गेला, कॉम्प्युटर आला, आणि या माणसाने दिवसभर पडद्यावर रेघा मारता मारता ठरवून टाकलं, की जगातली निम्मी दुखणी चुकीच्या मॉनिटरने होतात. मान, पाठ, डोळे, झोप, नवरा-बायकोची भांडणं, सगळं.

आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना न विचारता कोणी मॉनिटर घेत नाही. म्हणजे घ्यायची सोयच नाही. तिसऱ्या मजल्यावरची केतकी घरूनच काम करते. तिने एकदा जिन्यात सहज विचारलं, "काका, सत्तावीस इंची घेऊ का?" हे तिथेच पायरीवर बसले.

"आधी काम सांग, मग इंच सांग."

"एक्सेल, काका. आणि मीटिंगा."

"टेबल किती खोल?"

"म्हणजे?"

"भिंतीपासून तुझ्या पोटापर्यंत."

पोरीला काय ठाऊक असणार ते. मग हेच वर गेले आणि मोजून आले. टेबल कसलं, आईच्या लग्नातलं ड्रेसिंग टेबल होतं. "यावर सत्तावीस इंची ठेवलास तर पहिल्या रांगेत बसून सिनेमा बघितल्यासारखं होईल. चोवीस घे. पण स्टँड वर-खाली होणारा घे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. मान दुखली तर माझ्याकडे यायचं नाही."

सल्ला बरोबर होता, खोटं कशाला बोलू. केतकीने चोवीस इंचीच घेतला. पण त्यानंतर ती जिना सोडून लिफ्टने जायला लागली, आणि आमची लिफ्ट कशी आहे ते तुला माहीत नाही.

तळमजल्याच्या शहाशेठनी चकचकीत काचेचा घेतला आणि खिडकीसमोर मांडला. यांना कौतुकाने बोलावलं. हे बराच वेळ पडद्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "शेठ, यात मला तुमच्या हिशेबापेक्षा तुमचा गॅलरीतला टॉवेल जास्त नीट दिसतोय." त्या दिवशी चहा मिळाला नाही.

आता असा माणूस, दुसऱ्यांचे मॉनिटर चुटकीसरशी ठरवणारा. आणि त्याच्या स्वतःच्या घरात मात्र पिवळा पडलेला जुना डबा. त्याचीच तर गोष्ट सांगायला बसले मी.

पेडणेकरांची बायको सुलभा. ती घरी बसून छपाईचा मजकूर जुळवायचं काम करायची. लग्नपत्रिका, मुंजीची पत्रिका, उत्तरकार्याचं कार्ड, भजनी मंडळाची पुस्तिका. आमच्या सेक्टरमध्ये ज्याचं ज्याचं लग्न झालं, त्याचं नाव आधी सुलभाच्या पडद्यावर उमटलं. तिच्या दारात कायम चपलांचा ढीग. पत्रिका सांगायला आलेली माणसं तिथेच भांडायची, आजोबांचं नाव आधी की चुलत्यांचं, आणि सुलभा मधे बसून शांतपणे टाइप करायची. अर्धी लग्नं तिने वाचवली असतील.

मग ती म्हणायला लागली, "हा डबा अक्षरं खातोय गं. ओळीच्या मधला शब्दच नाहीसा होतो."

डबा जुना होताच. पेडणेकर म्हणाले, "बदलू." आणि त्या दिवसापासून या घरात मॉनिटर बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मुलगी बघायला जातात तसे हे दुकानांत जायला लागले. कपड्यांना इस्त्री करून. एका पेनड्राइव्हवर स्वतः टाइप केलेलं एक पान, सगळी अवघड जोडाक्षरं, रफार, अनुस्वार. दुकानदाराने ते लावायचं. हे आधी समोरून बघणार, मग डावीकडून, मग उजवीकडून, मग गुडघे धरून खाली वाकून. मागे दुसरं गिऱ्हाईक ताटकळत असायचं.

मी एकदा त्यांच्याबरोबर कांदिवली स्टेशनजवळच्या भरतभाईंकडे गेले होते. मला माउस हवा होता. भरतभाई बिचारे मनापासून सांगत होते, "काका, एकदम फर्स्ट क्लास पीस. कलर बघा ना कलर."

"रंग बघून पसंत करणारे गाढव असतात. मला अनुस्वार दाखवा."

"दिसतो ने काका."

"तुम्हाला दिसतो. सात पत्रिका जुळवून झाल्यावर संध्याकाळी दिसेल का?"

"मग दुसरा दाखवू? गेमवाला आहे, फास्ट."

"आमच्याकडे कोणी पळत नाही." मग चष्मा पुसला, पेनड्राइव्ह काढून घेतला आणि म्हणाले, "कळवतो."

भरतभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "आंटी, मॉडेल बंद होऊन नवीन येते. काकांचा कळवतो काय बंद होत नाय."

सुलभाला मी हे सांगितलं तर ती हसली. "मला बघायला आले तेव्हा हेच. पोहे खाल्ले, कळवतो म्हणाले, आणि मोहोर आला होता तो आंबे संपेपर्यंत पत्ता नाही. बाबांनी दुसरं स्थळ बघितलं तेव्हा धावत आले."

"मी इचार करी होतंय," पेडणेकर आतून मालवणीत ओरडले. "तुका काय कळता?"

हसण्यावारी नेलं आम्ही. आमच्याच सेक्टरमधल्या नलावडेबाईंच्या मुलाची पत्रिका येईपर्यंत.

निमंत्रकांची नावं लांबलचक होती, आणि मुलाच्या मामाचं नाव बरोबर मधोमध. ते सुलभाकडून गळलं. तिने नेहमीप्रमाणे नमुना फोनवर पाठवला होता. नलावडेबाईंनी न वाचता त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकलं. पत्रिका छापल्या, वाटल्या. मामाकडेही गेली. मामाने ती परत पाठवली आणि निरोप दिला, की ज्या पत्रिकेत मला जागा नाही त्या मांडवात मी कशाला येऊ. तो आला नाही, त्याची बायको आली नाही, आजोळचं कोणीच आलं नाही. मामाशिवाय नवरा बोहल्यावर चढला.

लग्नानंतर नलावडेबाई आल्या. मी तिथेच होते, वाटाणे सोलत. त्या आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बोलल्या. "सुलभाताई, दिसत नसेल तर माणसाने काम घेऊ नये."

पेडणेकर पुढे आले. "दोष मॉनिटरचा आहे. बदलतोच आहोत आम्ही."

"केव्हाचे बदलताय. बदला ना मग." आणि त्या गेल्या.

आमच्या सेक्टरला सगळं उशिरा कळतं. पाणी कधी जाणार ते पाणी गेल्यावर कळतं. हे मात्र संध्याकाळच्या आत घरोघरी पोचलं. सुलभाकडे काम यायचं बंद झालं. आणि तुला सांगते, काम बंद झालं तसं माणूसही बंद झालं. ज्यांची बारशापासून बाराव्यापर्यंतची कार्डं तिने केली, ते तिच्या दारावरून खाली बघत जायला लागले.

मी भडकले. पेडणेकरांना गॅलरीत गाठलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, "भाऊ, सगळ्या बिल्डिंगला मॉनिटर ठरवून दिलात, आणि बायकोला एक आणता आला नाही? तुमच्या त्या कळवतोपायी तिची आयुष्यभराची अब्रू गेली."

त्यांनी ऐकून घेतलं. मग खाली पार्किंगकडे बघत म्हणाले, "वहिनी, मॉनिटरने काही होणार नाही. डॉक्टरने कधीच सांगितलंय. तिच्या डोळ्यातलाच पडदा मधोमध झिजलाय. परत येत नाही म्हणाला."

"सुलभाला माहीत आहे?"

"तिच्यासमोरच म्हणाला. आम्ही त्यावर बोलत नाही."

"मग दुकानं कशाला पालथी घालता?"

त्यांनी टेप काढली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "आणला आणि तरी दिसलं नाही, तर मग काय बदलू?"

मी माझ्या दारातून आत गेले.

शेवटी सुलभानेच सांगितलं, "आणा आता एक. पाय बघा किती सुजलेत तुमचे हिंडून." मग आणला. मोठा, चकाकी न मारणारा, हवा तसा वळणारा, भिंतीला लोखंडी हात बसवून त्यावर टांगलेला. दिवसभर मोजमाप चाललं होतं. मला बोलावलं बघायला. सुलभा समोर बसली, पाठ सरळ, हात मांडीवर.

"वाच," पेडणेकर म्हणाले.

सुलभा वाचायला लागली. "आमचे येथे श्रीकृपेकरून, आमचे चिरंजीव..." स्वच्छ, न अडखळता. लग्नपत्रिकेची सगळी सुरुवात, थेट मुहूर्तापर्यंत.

पडद्यावर सोसायटीची टाकी धुण्याची नोटीस होती. त्यांनीच सकाळी टाइप करून ठेवलेली, मोठ्या अक्षरात.

पेडणेकर तिच्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी नोटिशीकडे बघितलं, मग तिच्या डोक्याकडे. पडदा बोटभर पुढे ओढला आणि म्हणाले, "आता बरोबर बसला." मग आत गेले. स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ चालू होता.

सुलभाने मला हळूच विचारलं, "काय होतं गं वर?"

"पत्रिकाच होती," मी म्हटलं.

"खोटारडी." ती हसली थोडी. "त्यांना नको सांगूस, मला कळलं म्हणून. बरोबर बसला म्हणतायत ना, बसू दे."

आता रोज सकाळी ते पडद्यासमोर बसतात, चष्मा कपाळावर, आणि एका बोटाने टाइप करतात. ती शेजारून सांगते. कुणाच्या पत्रिका नाहीत, काही नाही. तिला आठवतील ती जुनी माणसं, त्यांची लग्नं, कोण कुणाचा कोण. ते चुका करतात, ती ओरडते. माझ्या घरापर्यंत आवाज येतो. बाकी त्या घरात दुसरा आवाज नसतो हल्ली.

म्हणून म्हणते, ये एकदा. छपाईचं काम घेऊन यायला पाहिजे असं नाही. पेडणेकर तुझी मान मोजतील, मोजू दे. फक्त सुलभाच्या अगदी समोर बसू नकोस, तिथलं तिला काही दिसत नाही. दिवाणाच्या डाव्या टोकाला बस, खिडकीपाशी. कडेचं दिसतं अजून तिला. ती तोंड फिरवून भलतीकडेच बघत बसेल, तुला वाटेल हिचं लक्ष नाही. तसं नसतं, ती तुलाच बघत असते. पण लवकर ये हं. कड आहे तोवर ये.