सासूबाईंच्या पसंतीचा कोरल

सासूबाईंची खोली मी अशी काही रंगवून घेणार होते, की त्यांच्या तोंडून एकदा तरी ‘छान’ निघालंच पाहिजे! लग्नाला बारा वर्षं झाली, अजून निघालेलं नाही. भाजी केली की ‘खाण्यासारखी आहे’, पडदे शिवले की ‘लटकतायत’. बाराही वर्षं मी दात-ओठ खात हसतेय. या वेळी मात्र रंगही त्यांनीच निवडायचा, म्हणजे नावं ठेवतील कोणाला?

त्यांनी निवडला कोरल, म्हणजे आपला पोवळ्याचा रंग. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात. ते उरकून आल्या की थेट नव्या खोलीत, असा माझा बेत.

रंगाऱ्याने भिंतीवर नमुन्याचा चौकोन मारला. फिकट, सुरेख, बघत बसावं असा. सासूबाई म्हणाल्या, चहा सांडल्यासारखा दिसतोय. रंगाऱ्याने लाल वाढवला. मळकट आहे म्हणाल्या. आणखी वाढवला, तर विटलेला वाटला. रंगारी माझ्याकडे बघायला लागला आणि मी छताकडे. शेवटी जे काही डब्यात तयार झालं ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंचा चेहरा मात्र खुलला. हाच, म्हणाल्या. नवऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, आपण खोली रंगवतोय की पेटवतोय? मी त्यालाच झापलं. आईंची पसंती म्हणजे पसंती! चारही भिंती रंगवून झाल्या.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी पट्टी काढली, आम्ही घरी आलो, मी ऐटीत दार उघडलं. सासूबाई दारातच थबकल्या.

“हे कोणी केलं?”

“तुम्हीच पसंत केलात ना, आई.”

“मी? असला भडक रंग? तुला डोळे आहेत की नाही?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आहेत, म्हणून तर आठवडाभर दुखतायत. त्यावर त्या म्हणाल्या, मग तेव्हा बोलायला काय झालं होतं? म्हणजे बोलले असते तरी मीच वाईट, नाही बोलले तरी मीच! साक्षीला म्हणून रंगाऱ्याला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की घरच्या भांडणात तो पडत नाही, पण पुन्हा रंगवायचं असेल तर सोमवारी मोकळा आहे. नवऱ्याकडे वळले, तर तो चपला घालून औषधं आणायला गेलेला. औषधं समोर टेबलावर होती.

आता माझ्या संयमाचा बांध फुटला.

“ज्या डोळ्यांनी पसंत केलात, त्यातला एक अजून शिल्लक आहे. नवा मिटा आणि त्याने बघा!”

इतक्या वर्षांत त्यांच्याशी मी असं कधी बोलले नव्हते. त्याही चपापल्या असाव्यात, कारण त्यांनी मुकाट्याने नवा डोळा मिटला. जुन्याने एकेक भिंत न्याहाळली. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. हळूहळू कपाळावरच्या आठ्या गेल्या.

“अगं, छान झालीय की.”

इतकी वर्षं वाट पाहिली, तेव्हा कुठे शाबासकी मिळाली. तीही मोतीबिंदूकडून!