कॅप्टन बोरस्ते मिसळ खायला निघतात

आमच्या शेजारचे कॅप्टन बोरस्ते स्कूटर सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतात. टायर बुटानं दाबून बघतात, हँडल दोन्ही बाजूंना पार टोकापर्यंत फिरवतात आणि अख्ख्या महात्मानगरला ऐकू जाईल असं ओरडतात, "क्लिअर!" सुरुवातीला या आरोळीनं भाजीवाला हातगाडी घेऊन पळायचा. आता तोच उलट ओरडतो, "क्लिअर हाय साहेब, उडा!"

कॅप्टन म्हणजे साधी असामी नव्हे. पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराचा हा मुलगा ऐन उमेदीत एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून, एकट्यानं, समुद्रावरून पार ऑस्ट्रेलियापर्यंत गेला होता. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की वेळ पडली तर विमान मीच उतरवीन. गुडघा दुखला की त्यांची "चाकं अडकतात", भाजीत मीठ जास्त झालं की "ओव्हरलोड" होतो. मी त्यांचा को-पायलट. माझं नाव त्यांना ठाऊक असेल की नाही, शंकाच आहे.

दर रविवारी आम्ही मखमलाबादला मिसळ खायला जातो. मखमलाबाद आमच्या उत्तरेला, आणि कॅप्टन स्कूटर काढतात दक्षिणेला! इंदिरानगरच्या एका गल्लीत शिरतात, वेग कमी करून एका सोसायटीला चक्कर मारतात आणि मग नदी ओलांडून मिसळीकडे वळतात.

"कॅप्टन, मखमलाबाद तिकडे," मी एकदा भीत भीत म्हणालो.

"वारा बघून जावं लागतं, को-पायलट."

हे ऑस्ट्रेलियाला पोचले, की ऑस्ट्रेलियाच त्यांच्या वाटेत आला, असा मला संशय यायला लागला. बायको म्हणाली, "मिसळ मिळते ना? मग बसा गप मागे."

खरं कारण पुढे त्यांनीच सांगितलं, मिसळ खाताना. त्या सोसायटीत त्यांची मुलगी राहते, सुवर्णा. कॅप्टन जन्मभर विमानं घेऊन देशोदेशी हिंडले. पोरीची शाळा, तिची दुखणी, सगळं त्यांच्या बायकोनं, शालनवहिनींनी, एकटीनं काढलं. वहिनी गेल्या तेव्हाही हे कुठल्याशा परक्या विमानतळावर हवा सुधारायची वाट बघत अडकले होते. "नाना, तुम्ही सगळीकडे पोचलात, फक्त घरी नाही," एवढं सुवर्णा बोलली आणि नंतर बोलणंच बंद.

सांगून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि खापर काळ्या रश्श्यावर फोडलं.

"मग बेल का नाही वाजवत?"

"बोलावल्याशिवाय कसं उतरणार?"

गेल्या रविवारी आमची चक्कर चालू असताना दुसऱ्या मजल्यावरून हाक आली, "नाना!" कॅप्टननी असा ब्रेक दाबला की माझं नाक त्यांच्या पाठीवर आपटलं.

"दर रविवारी बघते मी. वॉचमन विचारतो, ताई, ते बाबा काय हुडकून राहिले? किती घिरट्या घालणार? या वर. त्या मागच्या काकांनाही आणा."

समुद्र ओलांडणारा माणूस दोन जिने माझं मनगट धरून चढला. दारात थबकून हळूच विचारलं, "काय बोलू?"

"ऑस्ट्रेलियाचं काढू नका," मी म्हणालो.

कोचाच्या काठावर बसून त्यांनी पोहे खाल्ले, चहा प्यायला. मला उगाचच पंख्याकडे बघत बसावं लागलं. कप रिकामा होताच कॅप्टन सवयीनं उठले. "बरं, निघतो मी."

सुवर्णाचा आवाज एकदम भरून आला. "आईलापण दर वेळी हेच म्हणायचात. आज तरी बसा ना, नाना."

ते बसले. "बसतो," म्हणाले, आणि चक्क रडायला लागले. मीही रुमाल काढला, उगाच कशाला लपवू?

सुवर्णानं नाक ओढलं, टेबलावरची स्कूटरची किल्ली उचलली आणि आतल्या खोलीत कपाटात ठेवून आली.

"काका, तुम्ही रिक्षानं जा हं," ती मला म्हणाली. "नाना आज इथंच जेवणार आहेत."