शुक्रवारपर्यंत जागा रिकामी करा

मी मॅनेजमेंट शिकायला घेतलं तेव्हा कुणालाही घराबाहेर काढायचा माझा विचार नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. (आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याचा यावर अजून विश्वास नाही. माझी दाढी करताना तो वस्तऱ्याला जरा जास्त वेळ धार लावतो.)

झालं असं, की ऑफिसात आवक-जावक सेक्शनला आम्ही नऊ जण. काम पाच जणांचं आहे हे आम्हा नऊही जणांना पहिल्यापासून ठाऊक होतं, पण एके दिवशी ते साहेबांनाही कळलं. साहेब म्हणाले, "चार जणांना जावं लागेल. उरतील त्यांच्यावर एक सुपरवायझर हवा. मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट कुणाकडे आहे?" नऊ माना खाली. "निदान कुणी करतंय का?" आणि माझा हात वर गेला. खरं म्हणजे तो कान खाजवायला निघाला होता. पण अर्ध्या वाटेवर असतानाच साहेबांनी माझं नाव लिहून घेतलं, आणि मीही ठरवलं, चला, खाली घ्यायचाच नाही.

घरी येऊन एका ऑनलाइन कॉलेजात 'व्यवस्थापनाची ओळख' या बारा आठवड्यांच्या कोर्सला नाव घातलं. वय वर्षं सत्तेचाळीस. फॉर्ममध्ये पालकांचा मोबाइल नंबर सक्तीचा होता. आप्पांकडे मोबाइल नाही, म्हणून बायकोचा टाकला.

आप्पा म्हणजे माझे वडील. एकोणऐंशी वर्षांचे. आयुष्यभर फिटर म्हणून काम केलं. दोन कारखाने त्यांच्या अंगावर बंद पडले. आई गेल्यापासून ते आमच्या बाहेरच्या खोलीत कॉटवर असतात. असतात म्हणजे काय, नसल्यासारखेच असतात. स्वतःची कपबशी स्वतः धुतात. पंखा लावायचा तर "लावू का?" विचारतात. मी म्हणतो, "आप्पा, विचारता काय?" तर म्हणतात, "विचारलेलं बरं." एवढाच आमचा दिवसभराचा संवाद. माणूस अडचण होऊ नये म्हणून किती आखडून घेऊ शकतो ते बघायचं असेल तर आमच्या बाहेरच्या खोलीत यावं. मी रोज बघत होतो आणि मला वाटत होतं, त्यांचा स्वभावच तसा.

पहिले सहा आठवडे कोर्स निर्विघ्न चालला. नियोजन झालं, संघटन झालं. (घरातल्या कामांचं संघटन करायला गेलो तेव्हा बायकोने एकदाच वर बघितलं. ती नर्स आहे. तिच्या एका नजरेत अख्खा वॉर्ड गप्प होतो, माझी काय कथा?) सातव्या आठवड्यात 'प्रतिबंधक देखभाल' आली. म्हणजे यंत्र बिघडायची वाट बघायची नाही, आधीच काळजी घ्यायची. मी पेटलो. रविवारी सकाळी बिजागऱ्यांना तेल घातलं, घड्याळांचे सेल बदलले, आणि त्याच भरात आप्पांच्या कानाच्या मशीनचाही सेल बदलला. मशीन तीन महिने बंद होतं. आप्पांनी सांगितलं नव्हतं, आणि आमच्याही लक्षात आलं नव्हतं.

मशीन कानात घालून आप्पा म्हणाले, "अरे वा! नळ गळतोय की."

त्याच दुपारी मी आठव्या आठवड्याचा गृहपाठ काढला. विषय होता 'अप्रिय निर्णय कळवणे'. विद्यार्थ्याने अधिकारी व्हायचं, घरातल्या एका माणसाला कर्मचारी करायचं, त्याला कामावरून कमी केल्याचं सांगायचं आणि व्हिडिओ पाठवायचा. नियम कडक होते. नाव घ्यायचं नाही. विनोद करायचा नाही. नक्की दिवस सांगायचा. आणि समोर कुणीही असो, 'तुम्ही' म्हणायचं.

आता आमच्या घरात बायकोला मी 'तू' म्हणतो. 'तुम्ही' मी एकाच माणसाला म्हणतो. हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

शर्ट आणि टाय चढवून (खाली घरातलीच पँट, गुडघ्याला भोक पडलेली) मी आतल्या खोलीत खुर्ची मांडली. बायकोची चारची ड्युटी होती, म्हणून आधी तालीम करायचं ठरलं. दार नुसतं लोटलेलं. बिजागऱ्यांना सकाळीच तेल घातल्यामुळे ते करकरलं नाही, गुपचूप वीतभर उघडलं.

"बसा," मी म्हणालो.

"बसलेच आहे. पुढे बोला."

"तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. तुमच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण परिस्थिती आता पूर्वीची राहिली नाही. जागा कमी आणि माणसं जास्त, असं होऊन बसलंय..."

"अहो, किती घोळवताय! सरळ सांगून टाका, आता तुमची इथे गरज नाही म्हणून."

"एवढं तोडून? वाईट वाटेल गं."

"वाटेल दोन दिवस. मग जातील कुठेतरी. तुम्ही असं चाचरत बसलात तर त्यांनाही त्रास आणि आपल्यालाही."

मला ते पटलं. मी टाय सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "आता तुमची इथे गरज राहिलेली नाही. शुक्रवारपर्यंत तुमची जागा रिकामी करा."

"शाब्बास! आता लगेच पाण्याचा ग्लास पुढे करा. हातात ग्लास असला की माणूस रडत नाही."

मग आम्ही खरा व्हिडिओ घेतला. बायको ग्लासात तोंड घालून हसत होती, तरी मी तो पाठवून दिला. पावणेचारला पर्स घेऊन ती बाहेर गेली. "आप्पा, येते हो," म्हणाली. आणि मग नुसतंच, "अहो. इकडे या."

कॉट रिकामी होती. चादर घडी करून ठेवलेली, तिच्यावर उशी, उशीवर दाराची चावी आणि कानाच्या मशीनची डबी. डबीखाली औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर आप्पांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

'परत केलेल्या वस्तू. १) चावी. २) कानाचं मशीन, सेल नवीन. ३) चादर. ४) उशी. अभ्रा धुवायचा राहिला, माफी असावी.'

बायको मटकन कॉटवर बसली. रोज मरणं बघणारी बाई, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. "जातील कुठेतरी, असं मीच म्हटलं हो," ती म्हणाली. "मीच म्हटलं."

मी तसाच पळत सुटलो. बसस्टॉपवर नव्हते. औषधाच्या दुकानात नव्हते. काठी टेकत चालणारा म्हातारा कुणी पाहिला का, म्हणून मी टायसकट विचारत होतो आणि लोक माझ्या गुडघ्याकडे बघत होते. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, बाथरूमपर्यंत जातानाही भिंत धरणारा. रस्ता ओलांडताना काय धरणार?

ते सलूनमध्ये सापडले. खुर्चीत ताठ बसलेले, एका गालाला फेस, दुसऱ्याची दाढी झालेली, पायांच्या मध्ये बॅग.

"हेच का ते?" सलूनवाल्याने आरशातूनच विचारलं. त्याच्या हातात वस्तरा होता.

"आप्पा! कुठे निघालात?"

"अं?" आप्पा म्हणाले. मशीन घरी जमा केलेलं!

"कुठे निघालात?" मी ओरडलो.

"आमच्या कारखान्यातला वेल्डर होता ना, त्याच्याकडे."

"तो दोन वर्षांपूर्वी वारला, आप्पा!"

"म्हणूनच. त्याच्याकडे जागा झाली असेल."

बाकावरची दोन गिऱ्हाइकं पेपर खाली ठेवून ऐकायला लागली.

"आप्पा, ते खरं नव्हतं! अभ्यास होता! अभ्यास!"

"हो, अभ्यास चांगला झाला होता तुझा," आप्पा म्हणाले. "शेवटी शेवटी एकदाही अडखळला नाहीस."

"यांना शुक्रवारची मुदत होती," सलूनवाला बाकावरच्यांना म्हणाला, "आणि हे बिचारे रविवारीच निघालेत."

"आप्पा, तुम्ही मला विचारायचं तरी!"

"तू आत तालीम करत होतास. म्हटलं, पोराला एवढं जड जातंय, तर परत तोंडावर कशाला बोलायला लावायचं." त्यांनी टॉवेलच्या टोकाने गालावरचा फेस पुसला. "मला दोनदा काढलं. दोन्ही वेळा गेटवर कागद लावला होता, तो वाचून कळलं. तू निदान तोंडाने सांगणार होतास. बरं वाटलं."

'बरं वाटलं' म्हणाले ते. मला त्या क्षणी त्या सलूनच्या फरशीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी त्यांची बॅग उचलली. तिचं वजन काहीच नव्हतं.

घरी आणलं, मशीन कानात घातलं, व्हिडिओ दाखवला, कॉलेजचं पान दाखवलं. बायकोने ड्युटी बुडवून पाय धरले. आप्पा सगळ्याला "हो हो, कळलं" म्हणाले आणि कॉटच्या कडेवर बसून राहिले. बॅग उघडली नाही. सोमवारी उघडली नाही, मंगळवारी नाही. बुधवारी मी उघडायला गेलो तर म्हणाले, "असू दे. हाताशी असलेली बरी."

शुक्रवारी सकाळी सहाला उठून बघतो तर आप्पा आंघोळ करून, बूट घालून बसलेले.

"आज शुक्रवार ना?"

"आप्पा, अहो, किती वेळा सांगू..."

"तसं नाही. आपलं विचारून ठेवलं."

त्याच दिवशी गृहपाठाचे मार्क आले. दहापैकी दोन. शेरा होता: 'ऐकणाऱ्या व्यक्तीवर निर्णयाचा कोणताही परिणाम झालेला दिसत नाही.' रविवारपर्यंत पुन्हा व्हिडिओ पाठवा, नाहीतर नापास, असंही खाली लिहिलं होतं. मी तो शेरा तीनदा वाचला आणि फोन भिंतीवर आपटायला उचलला. फोन नवीन होता, म्हणून परत ठेवला.

"मी नाही बसणार," बायकोने आधीच सांगून टाकलं. "सर्टिफिकेट गेलं खड्ड्यात."

"मी बसतो," आप्पा बाहेरून म्हणाले. नव्या सेलने सगळंच ऐकू येत होतं. "मला अनुभव आहे."

मी नको नको म्हणत असताना ते आत येऊन खुर्चीत बसलेदेखील. बायकोने नाइलाजाने फोनवर व्हिडिओ सुरू केला. मी टाय बांधला. "बसा," म्हणालो. "तुम्ही इतकी वर्षं इथे..." आणि तिथेच अडकलो. समोर तो अर्धवट दाढी झालेला चेहरा होता, एका गालावर आठवड्याची पांढरी दाढी, दुसऱ्यावर नुसते खुंट. पाण्याचा ग्लास माझ्या हातात तसाच.

"पुढे 'परिस्थिती पूर्वीची राहिली नाही' असं आहे," आप्पांनी हळूच आठवण करून दिली.

"नाही जमत, आप्पा."

"ऊठ. इकडे बस. टाय दे तो."

मी खुर्ची बदलली. आप्पांनी टाय नुसताच गळ्यात अडकवला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बसा." जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला अहोजाहो केलं. "तुमचं काम चांगलं होतं. रोज वेळेवर आलात. तुम्ही कुठेही कमी पडला नाहीत. आम्हाला हे चालवता आलं नाही, आम्ही कमी पडलो. हे मी तुम्हाला समोर बसून सांगतोय, कारण गेटवर कागद वाचून माणूस घरी जातो ना, त्याला घरी काय सांगायचं ते सुचत नाही. मग तो गावभर हिंडतो, आणि अंधार पडला की घरी जाऊन म्हणतो, आज ओव्हरटाइम होता. तसं तुम्हाला करावं लागू नये."

मी रडलो. असा तसा नाही, हमसून हमसून, नाक गळेपर्यंत रडलो. हातातला ग्लास उपयोगी पडला नाही, पाणी पँटवर सांडलं. "आप्पा, तुम्ही कुठेही जायचं नाही," एवढंच मला म्हणता आलं, आणि तेही धड म्हणता आलं नाही. आप्पा उठले, पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाले, "बरं बरं. नाही जात."

पुन्हा व्हिडिओ घ्यायचं त्राण कुणातच नव्हतं. बायको म्हणाली, "आहे तोच पाठवा, मेलं काय व्हायचं ते होऊ दे." मी माझा सुरुवातीचा फजितीचा भाग तेवढा कापला आणि पाठवला. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत गेलो तर पंखा चालू होता. आप्पांनी मला न विचारताच तो लावला होता, आणि रिकामी बॅग कपाटावर फेकली होती.

मंगळवारी निकाल आला. पास. दहापैकी साडेनऊ. शेरा मी आप्पांना आणि बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, तो असा:

'अधिकाऱ्याच्या भूमिकेतील ज्येष्ठ विद्यार्थ्याचे मनापासून अभिनंदन! या वयात शिकण्याची जिद्द वाखाणण्यासारखी आहे. कर्मचारी म्हणून बसवलेल्या गृहस्थांचं रडणं मात्र अगदीच खोटं वाटतं, त्याबद्दल अर्धा मार्क कापला आहे.'